डावीकडचं रीडिंग

१

सुजाता माझ्याकडे बघत नाही, या काळजीनं माझी झोप उडाली, त्याला आता बरेच दिवस झाले. आधी वाटलं, आपलाच भास. मला भास व्हायला फार काही लागत नाही. ती तान्ही असताना तिचा श्वास चालू आहे की नाही हे बघायला मी तिला इतक्यांदा हलवून उठवायची, की शेवटी सासूबाईंनी पाळणाच उचलून त्यांच्या खोलीत नेला.

पण हा भास नव्हता. वरणभात भरवताना माझ्या लक्षात आलं. पाच वर्षांची पोर, समोर मांडी घालून बसलेली, घास बरोबर तोंडात घेणारी, माझ्या बोलण्यावर खुदकन हसणारी. नजर मात्र माझ्या उजव्या कानाच्या पलीकडे. मागं भिंतीवर कॅलेंडर होतं म्हणून मी जागा बदलली. नजरही बदलली, आणि पुन्हा माझ्या शेजारीच जाऊन थांबली. तिच्या डाव्या बाजूला, जिथं कुणी नव्हतं.

"सुजू, इकडं बघ की."

"बघायलेच की, आई," ती म्हणाली. त्या रिकाम्या जागेला.

रात्री ती शेजारी गाढ झोपायची आणि मी पांघरुणात मोबाईल घेऊन वाचत बसायची. तिरळेपणा. स्वमग्नता. मेंदूतली गाठ. प्रत्येक पानाच्या शेवटी 'त्वरित डॉक्टरांना दाखवा' असं लिहिलेलं, आणि प्रत्येक लक्षण सुजूला लागू पडणारं. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी मलाही लागू पडत होती.

"झोप ना बाई," सतीश कूस बदलत म्हणायचा. तो युसूफ वडगावला बँकेत आहे, सकाळी मोटारसायकलवर घाट उतरून जायचं असतं. "एमेस्सी झालीस तेवढं बास हाय. आता मोबाईलवर डॉक्टरकी करायलीस का?"

"ती तुमच्याकडं बघती का हो?"

"बघती की. टकामका बघती. पैसे मागायचे असले की तर लईच बघती."

मी मोबाईल उशीखाली सारला. कारण तेच खरं होतं. ती त्याच्याकडे बघायची, आजीकडे बघायची, दारावर आलेल्या भाजीवाल्याकडेसुद्धा नीट बघायची. फक्त माझ्याकडे नाही.

२

धारूरच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पगार. प्रॅक्टिकलं बहुतेक माझ्याच गळ्यात असतात, आणि त्यात वर्षानुवर्षं चालत आलेलं एक म्हणजे ग्रेटिंगचं. पुस्तकात त्याला जालक म्हणतात. लॅबमध्ये तसं म्हटलं तर पोरं मासे धरायचं जाळं शोधतील.

ग्रेटिंग म्हणजे काचेचा लहानसा चौकोन. त्याच्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या हजारो रेघा, एकमेकींना खेटून ओढलेल्या. सीडी उन्हात धरली की रंग दिसतात, ते असल्याच रेघांमुळे. या काचेतून दिव्याकडे बघितलं, की दिवा जिथं आहे तिथं तर दिसतोच, शिवाय त्याच्या डावी-उजवीकडे, सारख्या अंतरावर, त्याच दिव्याच्या प्रतिमा दिसतात. साध्या बल्बच्या प्रतिमा रंगारंगांत फाकतात. सोडियमच्या दिव्याला मात्र एकच रंग, पिवळा, म्हणून त्याच्या प्रतिमा लख्ख येतात. जेवढं उजवीकडे, तेवढंच डावीकडे. सगळा प्रयोग या सारखेपणावर उभा आहे.

आणि तो सारखेपणा आमच्या लॅबमध्ये कुणी कधी तपासत नाही. टेबल कोपऱ्यात घातलेलं. डावीकडची प्रतिमा बघायची तर भिंत आणि टेबल यांच्या फटीत अंग कोंबावं लागतं. त्यामुळे पोरं उजवीकडचं बघतात आणि डावीकडचं त्यावरून लिहून टाकतात. काही तर उजवीकडचंही बघत नाहीत. दुर्बिणीला डोळा लावायच्या आधीच मान वर करून विचारतात, "मॅडम, किती यायला पाहिजे?" आणि उत्तराची वाट बघत चेहऱ्याकडे टक लावून उभे राहतात. आम्हीही असंच केलं होतं. मी सांगून टाकते, कोन वीस अंशांच्या आसपास.

कपाटात एक जुनी ग्रेटिंग होती. कोपरा उडालेली, बाद केलेली. एकदा सुजू लॅबमध्ये आली होती, तिनं ती उन्हात धरली आणि सोडीना. मी घरी नेऊ दिली. मला वाटलं, लेकीला आतापासून विज्ञानाची गोडी लागेल. माझ्या कौतुकाची धाव एवढीच.

मग ती दिवसभर डोळ्याला काच लावून फिरायची. संध्याकाळी मी भाकरी थापत असले, की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून काचेतून माझ्याकडे बघायची.

"आई, तू तीन हायस."

"बरोबर. मधली खरी, बाजूच्या दोन रंगाच्या."

"उजवीकडची तर तूच हायस. भाकरच करायली."

"आणि डावीकडची?" मी तव्यावरची भाकरी उलटत, पाठमोरी विचारलं.

"ती माझ्याकडं बघायली."

मी हसले. सतीशला फोनवरही सांगितलं, पोरीची कल्पनाशक्ती बघा म्हणून. तव्यावर भाकरी होती, दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करायची होती. मागं वळून बघायला मला तेव्हा सवड झाली नाही.

३

नजरेचं लक्षात आल्यावर मी सगळ्यात आधी ती काच काढून माळ्यावर ठेवली. सुजू रडली नाही, रुसली नाही. जणू तिला आता तिची गरज नव्हती. नजर होती तशीच राहिली.

अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बॅटरी फिरवली, चित्रं दाखवली, एकेक डोळा झाकून बघितला. सुजूनं ससा ओळखला, छत्री ओळखली, डॉक्टरांच्या खिशातला पेन तिला पाहिजे हेही सांगितलं. सरळ त्यांच्या डोळ्यात बघून.

"आता आईकडं बघ बरं बाळा," डॉक्टर म्हणाले.

तिनं मान वळवली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून गोड हसली.

डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली. मग म्हणाले, "डोळे एकदम चांगले आहेत. रागावली असेल. नोकरी करता ना तुम्ही?"

येताना गाडीत मी तेच चघळत होते. रागावली असेल. मुलांना सगळं कळतं म्हणतात. तू पाठ फिरवतेस, मग तीही फिरवते. पण पाठ फिरवणारं मूल असं हसत नाही. आणि मिठी मारायला ती माझ्याकडेच यायची, तेवढा एक आधार होता. मिठीतसुद्धा तिची मान वळलेली असायची, खांद्यावरून पलीकडे.

रविवारी अंगणात मी तिला फरशीवर उभं केलं. "मी कुठं आहे, बोट दाखव." तिनं हात पुढं केला, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मागं सरकले. "आता?" बोट हललं नाही. मी आणखी मागं, अगदी फाटकापर्यंत गेले. बोट जिथल्या तिथं, आणि माझ्यातलं न् त्या बोटापुढच्या जागेतलं अंतर वाढत वाढत दीड पुरुष झालं. म्हणजे अंतर बदलतं, कोन बदलत नाही.

मी खडूनं दोन रेघा मारल्या आणि कंपासपेटीतला कोनमापक ठेवला. किती यायला पाहिजे ते बघायच्या आधीच मला माहीत होतं. वीस. वीसहून जरासाच जास्त.

सासूबाई, म्हणजे मुक्ताबाई, ओट्यावर तूर निवडत हे सगळं बघत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "आत्याबाई, मीठ-मिरची उतरवून टाकता का तिच्यावरून?"

मुक्ताबाईंनी सूप खाली ठेवलं. "काय म्हणलीस?"

"नजर लागली असंल तर..."

"माझ्या सासऱ्यानं छप्पन साली देव्हारा उचलून नदीत सोडला. आन् तू एमेस्सी होऊन मिरच्या जाळायला सांगायलीस व्हय? आपल्यात न्हाई ते. बुद्धवंदना म्हण तिला जवळ घेऊन. आन् भाकरी मी थापते, तू जरा लेकराकडं तोंड करून बस."

लाज वाटली. त्या बरोबर होत्या. जे काय आहे ते बघून, मोजून, निकालात काढायचं. डॉक्टरांनी त्यांचा दिवा मारून बघितलं होतं. आता मी माझा मारून बघणार होते.

४

कॉलेजला सुट्टी होती, पण परीक्षेची मांडणी करायची म्हणून लॅब उघडी होती. दुपारी सुजूला लाल फ्रॉक घातला, लाल रिबिनी बांधल्या, आणि माळ्यावरची काच पर्समध्ये टाकली.

लॅबचे शिपाई सिदूमामा पडदे ओढत होते. किल्ल्याखालच्या वस्तीवरचे, घरी शेळ्यामेंढ्या, नोकरी संपत आलेली. "लेकराला कामून आणलं मॅडम अंधारात?"

"जरा बघायचंय. सोडियम लावा ना मामा."

काळे पडदे ओढले की आमच्या लॅबमध्ये भर दुपारीही हात दिसत नाही. दिव्यानं आधी नेहमीसारखा गुलाबी उजेड सोडला, घुंईं असा आवाज करत राहिला, मग हळूहळू पिवळा होत गेला. मी जुनी काच दुर्बीण बसवलेल्या स्पेक्ट्रोमीटरवर चढवली. मामांनी ती ओळखली.

"ही व्हय? हिचं उजवीकडचंच बघतेत सगळे."

"सगळ्याच काचांचं उजवीकडचंच बघतात मामा."

"हिचं पहिल्यापासून," ते म्हणाले, आणि दाराशी जाऊन बसले.

उजवीकडे दुर्बीण फिरवली. पिवळी रेघ, स्थिर, जिथं असायची तिथं. मग भिंतीच्या फटीत शिरले. चुना खांद्याला लागला. इतकी वर्षं इथं शिकवून मी पहिल्यांदाच त्या बाजूला उभी होते. डोळा लावला.

रेघ होती. बरोबर जागी. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात ती एका कडेनं काळवंडत गेली, पुरती विझली, आणि दुसऱ्या कडेनं परत उजळली. दिव्यापुढून कुणी चालत जावं तशी.

"मामा, दिव्यापुढं कोण आलं?"

"कोण येईल? मी हितं हाय. लेकरू स्टुलावर."

व्होल्टेज, मी मनात म्हटलं. पण व्होल्टेज कमी झालं तर सगळी रेघ एकदम मंद होईल, कडेकडेनं नाही. फटीतून निघून पुन्हा उजवीकडचं बघितलं. स्थिर. दिवा तर एकच होता.

इथंच थांबायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, एवढं आलोच आहोत तर नीट बघून घ्यावं.

सुजूला काळ्या पडद्यापुढं स्टुलावर बसवलं आणि दिव्याचं तोंड तिच्याकडे केलं. पिवळ्या उजेडात तिचा लाल फ्रॉक काळा झाला, रिबिनी काळ्या झाल्या. पोरांना मी हीच गंमत दाखवते, लाल पेन धरून. या उजेडात लाल नसतोच, मग लाल वस्तू परत देणार काय? माणसांचे चेहरे राखेसारखे होतात. सुजूचाही झाला. ती माझ्या शेजारी बघून पाय हलवत होती.

मी काच डोळ्याला लावली.

मध्ये सुजू. काळा फ्रॉक, वळलेली नजर, हलणारे पाय. उजवीकडे तीच, जराशी पुसट. काळा फ्रॉक, वळलेली नजर, हलणारे पाय.

डावीकडच्या सुजूचा फ्रॉक लाल होता.

रिबिनीही लाल. पिवळ्या उजेडात लाल, जो दिसूच शकत नाही. तिचे पाय हलत नव्हते. स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ती पुढं वाकली होती आणि सरळ, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांत बघत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नव्हता. पण तो शब्द ओळखायला आईला आवाज लागत नाही. आणि तिच्या मागं, पडद्याच्या काळोखात, भाकरी थापताना मी जशी वाकते तशी कुणीतरी वाकत होती, तिच्याकडे तोंड करून.

काच माझ्या हातून सुटली की मी टाकली, हे मला आजही सांगता येत नाही. फरशीवर तिचा चुरा झाला.

"हलू नका मॅडम, पाय कापंल," मामा उठत म्हणाले.

"आई," सुजू म्हणाली.

मी बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. कानापलीकडे नाही, शेजारी नाही. माझ्याकडे.

५

तिला उचलून छातीशी धरलं आणि उन्हात पळाले. रडत होते, हसत होते. आवारातून जाताना दोनदा तिला दूर धरून तिची नजर तपासली. दोन्ही वेळा डोळे माझ्या डोळ्यांवर. मिठीतही मान वळली नाही.

कॉलेजच्या फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं, फ्रॉक अजून काळाच आहे.

पिवळ्या उजेडात फार वेळ बसलं की डोळे थकतात, रंग परत यायला वेळ लागतो. तसं असेल. पण कोपऱ्यावरच्या दुकानातल्या तिखटाच्या पाकिटांचा लाल मला दिसत होता. एसटीवरचा लाल दिसत होता.

"ह्यो लाल फ्रॉक असा कसा कोळपला?" घरी पोचताच मुक्ताबाई म्हणाल्या. "काय सांडलं त्या लॅबीत?" त्यांनी तो दोनदा साबणानं धुतला. पाणी स्वच्छ राहिलं, फ्रॉक काळा. रिबिनीही. ॲसिडची कपाटं पलीकडच्या खोलीत असतात, तरी मी म्हटलं, ॲसिड असेल. ॲसिडनं कापडाला भोक पडतं, हे त्यांना माहीत नसावं अशी आशा केली. रंगीत चड्डीसुद्धा तशीच निघाली, ती मी कुणाला दाखवली नाही.

सतीश खूश होता. "बघायली ना आता तुझ्याकडं? मग? फ्रॉक काय, दुसरा आणू. तुला काळजी करायला काहीतरी पाहिजेच असतंय."

खरंच, मला हवं होतं ते मिळालं होतं. ती माझ्याकडे बघायची. जेवताना, खेळताना, दार उघडताना. पहिल्यासारखा हट्ट नाही, भाजीला नाक मुरडणं नाही. काहीही विचारलं की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबायची, आणि मग अगदी मला बरं वाटेल तेच बोलायची. शेजारच्या अंजनाताई म्हणाल्या, किती शहाणी झाली हो.

मी लॅबमध्ये जाऊन चांगली, नवी ग्रेटिंग लावली. फटीत शिरले. डावीकडची रेघ स्थिर. उजवीकडची स्थिर. दोन्हीकडं सारखं. तिथं कुणीच नव्हतं.

"मामा, त्या काचेचे तुकडे कुठं टाकले?"

"पुरले की, किल्ल्याच्या उताराला. काच उघड्यावर टाकीत न्हाई मी. शेळ्यांच्या पायात जाती." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पार चुरा झालता मॅडम. त्यातून काय दिसणार हाय आता?"

तरी मी तिथं जाऊन बघितलं. उतारावर सगळीकडे सारखीच माती, सारखेच दगड.

आज सकाळी मुक्ताबाईंनी तो फ्रॉक अंगणातल्या दोरीवर वाळत घातला, पुन्हा एकदा धुऊन. लख्ख ऊन पडलेलं. शेजारी माझी लाल ओढणी वाळत होती. सुजू पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी तिच्यापुढं उकिडवी बसले. तिचे दोन्ही हात हातात घेतले. ऊबदार होते. नखाखाली नेहमीची माती होती. मनात आलं, विचारू नये. इतकं छान चाललंय, विचारू नये.

"सुजू, तुझ्या त्या फ्रॉकचा रंग कुठला गं?"

तिनं दोरीकडे बघितलंच नाही. माझ्याच डोळ्यांत बघत राहिली, उत्तर तिथं लिहिलेलं असावं तशी, टक लावून, सगळं लक्ष देऊन. माझा चेहरा तिला काहीच सांगेना, तेव्हा ती जराशी पुढं झुकली, आणि अगदी समजुतीनं म्हणाली,

"कुठला यायला पाहिजे, आई?"